न विकलेल्यांची वही

वडिलांच्या कारखान्यामागे, चिंचोळ्या अंगणात,
भिंतीला टेकून उभे आहेत एकोणीस दगड.
गुलाबी ग्रॅनाइट, आमच्याच डोंगरातला,
तोंड दिसेल इतका घासलेला.
मालाला नाव ठेवायला जागा नाही.
नाव आधीच ठेवलंय,
एवढीच अडचण.

हिशेबाची वही माझ्याकडे असते.
तीत चुकलं तर मी आडवी रेघ मारते,
वर नवा आकडा लिहिते.
वडिलांची छिन्नी घसरली की घसरली.
गालिसियातला दगड काळा नाही,
पण रेघ तीच.

क्रमांक चार.
शोसे लिहायचं की होसे, यावरून दोन भावांत जुंपली.
धाकट्याला बापाचं नाव घरच्या बोलीत हवं होतं,
थोरल्याला माद्रिदच्या कागदांत होतं तसं.
बाप आठ महिने एका फळीखाली झोपला.
शेवटी दोघांनी मिळून वर सिमेंट ओतलं
आणि काहीच लिहिलं नाही.

क्रमांक नऊ जोडदगड.
डावीकडे नवरा, उजवी बाजू कोरी,
ओबदुलियासाठी राखलेली.
ती झुरिकला हॉटेलात भांडी घासायला गेली
आणि तिथल्या एका ट्रामचालकाची झाली.
पत्र आलं : ॲडव्हान्स तुम्हीच ठेवा.
गिऱ्हाईक विचारतं, डावीकडचा पुसता येईल का?
येतो की. चार मिलिमीटर घासलं की जातो.
पण घेणाऱ्याचा हात सारखा तिथेच फिरतो,
गुळगुळीत जागेवर,
आणि मग तो म्हणतो, बघतो, कळवतो.

क्रमांक तेरा लहान आहे, गुडघ्याएवढा.
बाप मागणी नोंदवून गेला, परत आला नाही.
त्याच्यापुढे मी किंमत लिहिलेली नाही.
कुणी विचारलेलीही नाही.

काही आम्ही पालथे घालून खपवतो.
दोसिंदाच्या बेकरीत ज्या ओट्यावर पाव मळतात
त्याच्या पोटाखाली एक आडनाव आहे, चुकीच्या स्पेलिंगचं.
तिला माहीत आहे. ती म्हणते,
पिठाला वाचता येत नाही.
आमच्या दाराची तिसरी पायरीसुद्धा तशीच.
लहानपणी मी ती ओलांडून उडी मारायचे,
आता गुडघे ऐकत नाहीत,
पाय ठेवते, पण हलका.

क्रमांक सतरा मात्र पालथा घालता येत नाही,
कारण त्याचा मालक येऊन बघतो.
फेर्मीन. मार्चच्या वादळात बोट गेली,
आईने मुलाची बांगडी मोडून दगड सांगितला,
नाव, जन्म, मरण, आणि खाली : समुद्राने नेला.
अकरा महिन्यांनी हा विगोच्या बसमधून उतरला,
अंगात कुणा परक्याचा कोट.
कुठे होतास, हे आईलाही सांगितलं नाही.
तिने पैसे परत मागितले नाहीत,
दगडही नेला नाही.

तेव्हापासून दर वर्षी, सर्वसंतदिनाच्या आधी,
लोक आपापल्या कबरी धुवायला निघतात
तेव्हा हा आमच्या अंगणात येतो.
दगडासमोर उभा राहतो, टोपी काढत नाही.
किंमत विचारतो.
तुला निम्म्यात, मी म्हणते.
तारीख चुकलीय, आणखी उतर.
तारीख दगडाची बरोबर आहे, चुकलास तू.
तेहतीस वर्षं चाललीय ही घासाघीस,
दगडावर ओरखडा नाही.

यंदा तो काठी टेकत आला.
किंमत विचारली नाही.
वाकला, तारखेखालची रिकामी जागा
बोटांनी मोजली, चार बोटं भरली.
"इथे एक ओळ मावेल?"

मी टेप आणायला आत गेले.